प्रतिकृतीवरचा शेरा कापला गेला तेव्हा : एका जुन्या नकाशाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच कार्यशाळेतलं आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. नकाशाचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळा निवाडा त्यांच्यावरच झाला.

पार्श्वभूमी

आम्ही जुन्या जगाच्या नकाशांच्या प्रतिकृती छापतो आणि त्या फ्रेम करून देतो. गिऱ्हाईक बहुतेक घरच्या भिंतीसाठी घेऊन जातं, कधी कोणी भेट द्यायला नेतं. सतराव्या शतकातल्या डच नकाशांना मागणी जास्त, आणि त्यातही हेन्रिकुस होंडियुसच्या १६३०च्या नकाशाला.

हा नकाशा लोकांना का आवडतो हे त्याच्यासमोर उभं राहिलं की कळतं. दोन गोलार्ध शेजारी शेजारी. चार कोपऱ्यांत चार चेहरे: ज्युलियस सीझर, प्राचीन भूगोलकार टॉलेमी, सोळाव्या शतकातला नकाशाकार मर्केटर आणि हेन्रिकुसचे वडील योडोकुस होंडियुस. मधल्या जागांमध्ये अग्नी, वायू, जल आणि पृथ्वी. योडोकुसने १६०४ साली मर्केटरच्या अॅटलसचे कोरलेले तांब्याचे पत्रे विकत घेतले होते आणि १६०६ पासून त्यात भर घालून ते पुन्हा छापायला सुरुवात केली होती. म्हणजे मुलाने वडिलांना मर्केटरच्या जोडीला बसवलं त्यात मायाही आहे आणि धंद्याची हुशारीही. कॅलिफोर्निया इथे बेट आहे. ही चूक पुढे शंभराहून अधिक वर्षं नकाशांवर टिकली. १७४७ साली स्पेनच्या राजाला ते बेट नसल्याचं फर्मान काढावं लागलं. आणि उजव्या गोलार्धात, डच जहाजांनी नुकताच पाहिलेला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याचा एक तुकडा आहे. अॅटलसमध्ये छापलेल्या, साल घातलेल्या जगाच्या नकाशांमध्ये ऑस्ट्रेलियाचा कोणताही भाग दाखवणारा हा पहिला मानला जातो.

बारा वर्षांपूर्वी आम्ही याची चाळीस प्रतींची एक मालिका काढली. एका सार्वजनिक ग्रंथसंग्रहाने खुला केलेला स्कॅन घेतला. तेव्हा चार गोष्टी ठरवल्या होत्या, आणि पुढचं सगळं त्या चार गोष्टींतूनच घडलं.

पहिली, आकार मूळ नकाशाइतकाच ठेवायचा, सुमारे ३८ × ५४ सें.मी. दुसरी, कागद चांगला वापरायचा: शुद्ध सुती, आम्लविरहित, अंगात जुन्या हातकागदासारख्या उभ्याआडव्या रेषा असलेला. तिसरी, स्कॅन फार घासूनपुसून घ्यायचा नाही. मूळ कागदाचा पिवळसर तपकिरी रंग, मधली घडी, डाग, एवढंच काय, किडीने पाडलेलं एक भोकसुद्धा तसंच छापायचं. ते भोक मधल्या घडीच्या उजवीकडे, अगदी खाली, दक्षिणेच्या रिकाम्या जागेत आहे. चौथी गोष्ट म्हणजे खुलासा. खालच्या पांढऱ्या समासात बारीक अक्षरांत ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि छपाईचं साल, आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर आमची चिठ्ठी. आपण कोणाला फसवत नाही, याची तेव्हा मला पूर्ण खात्री होती.

अडचण

बाई निवृत्त शिक्षिका. कापडात गुंडाळलेली फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरून आल्या. काम साधंच सांगितलं: फ्रेमची एक कड सुटली आहे ती बसवा, काच पुसून द्या, पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ नकाशा न्यायला येणार आहेत.

मी कापड सोडलं आणि नजर आपसूक खाली उजवीकडे गेली. तो तपकिरी ठिपका तिथे होता.

“बाई, हा तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“माझ्या दादाचा. त्याच्या बैठकीत असायचा. तो गेल्यावर घर आवरलं तेव्हा माझ्या वाट्याला आला. सोळाशे तीसचा आहे, दादा सगळ्यांना सांगायचा.”

दादा खोटं सांगत नव्हते. नकाशावर १६३० हे साल कोरलेलंच आहे, आणि प्रतिकृतीत तेही आलं होतं.

हळूहळू बाकीचं कळलं. शेजारच्या एका मुलाने नकाशावरचं लॅटिन शीर्षक इंटरनेटवर शोधून दिलं होतं: ‘नोव्हा तोतिउस तेर्रारुम ऑर्बिस जिओग्राफिका आक हिड्रोग्राफिका ताबुला’. जगाचा नवा भौगोलिक आणि सागरी नकाशा, एवढाच त्याचा अर्थ. गोची अशी, की त्याच काळातल्या दुसऱ्या डच नकाशाकाराच्या, विलेम ब्लाऊच्या, जगाच्या नकाशालाही अगदी हेच शीर्षक आहे. तो १६०६चा, पुढे १६३० पासून अॅटलसमध्ये गेलेला. आयताकृती, वर सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह, एका बाजूला चार तत्त्वं, दुसऱ्या बाजूला चार ऋतू, खाली सात आश्चर्यं. होंडियुसच्या दोन गोलार्धांशी त्याचा चेहरा मुळीच जुळत नाही. पण शीर्षक टाकलं की दोघांच्या अस्सल प्रतींचे लिलावातले भाव एकत्रच समोर येतात. बाईंनी त्यातला मधला भाव मनात धरला होता. फोटो पाहून एका गृहस्थाने इसारही दिला होता. आणि त्या पैशांवर बाईंनी घराच्या छपराचं काम काढायचं ठरवलं होतं.

आता माझ्यासमोर काय होतं ते सरळ सांगतो. बाई माझ्याकडे पारख करून घ्यायला आल्या नव्हत्या. फ्रेम दुरुस्त करायला आल्या होत्या. नकाशा अस्सल नाही हे मला जवळजवळ नक्की कळलं होतं, आणि तो माझ्याच हातचा आहे हेही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. विचारलं नाही तर सांगू नये, असं या धंद्यात पुष्कळ लोक मानतात, आणि त्यामागे कारणही आहे: फ्रेमवाल्याने प्रत्येक चित्राबद्दल मत द्यायला लागलं तर निम्म्या वेळा ते चुकीचं ठरेल आणि गिऱ्हाईक उगाच धास्तावेल. पण इथे इसार घेतला गेला होता. गप्प राहिलो असतो तर बाईंच्या हातून, त्यांच्या नकळत, तिसऱ्याच माणसाची फसवणूक झाली असती. पुढे कधीतरी ते उघडकीला आलं असतं आणि बोट बाईंकडे गेलं असतं.

दुसरा, लगेच सांगून टाकण्याचा. तिसरा, काही न सांगता दुसऱ्या जाणकाराकडे पाठवण्याचा. लगेच सांगण्यात एक खरी अडचण होती. ही प्रत आमची असल्याने माझं मत निर्लेप नव्हतं. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात ‘हे नकली आहे, मला द्या, मी बघतो’ असं म्हणून अस्सल वस्तू स्वस्तात उचलणारे लोक असतात. बाईंना माझ्याबद्दल तशी शंका आली असती तर त्यांची चूक नव्हती.

चौथा पर्याय मला त्या वेळी सगळ्यात सोयीचा वाटला, म्हणूनच तो लिहायला हवा. नकाशा मीच परत विकत घ्यायचा, बऱ्यापैकी पैसे द्यायचे आणि प्रकरण मिटवायचं. बाईंच्या छपराला थोडा हातभार लागला असता आणि आमची उणीवही उजेडात आली नसती. रात्री झोपताना कळलं की यातला दुसरा भागच मला जास्त हवा होता. तो पर्याय तिथेच सोडला.

पहिली चूक

मी सांगून टाकायचा निर्णय घेतला, पण उशिरा. त्या दिवशी मी बाईंना एवढंच म्हणालो, “दोन दिवस ठेवा माझ्याकडे, नीट उघडून बघतो.” कारण सांगितलं नाही. मला आधी स्वतःची खात्री करून घ्यायची होती, त्या मालिकेची फाइल काढून ठिपक्याची जागा ताडून बघायची होती. हेतू वाईट नव्हता.

त्या दोन दिवसांत बाईंनी गवंड्याला काम सुरू करायला सांगितलं.

मला शंका होती, आणि शंका म्हणून ती सांगता आली असती. “बाई, हा कदाचित अस्सल नसेल, खात्री होईपर्यंत पैशाचा कुठला शब्द कोणाला देऊ नका,” एवढं वाक्य पुरेसं होतं. खात्री नसताना बोलू नये हा नियम चांगला आहे, पण समोरचा माणूस त्या खात्रीची वाट बघत बसत नाही. त्याचे व्यवहार चालूच असतात.

काय केलं

तिसऱ्या दिवशी बाईंना बोलावलं. मी आधीच उघडून ठेवलं नव्हतं. त्यांच्यासमोर, त्यांना विचारून फ्रेम उघडली. मागचा पुठ्ठा नवा होता, आमचा नव्हे. बाईंना आठवलं, दादांनी घर बदललं तेव्हा नवीन भिंतीला मोठी होते म्हणून फ्रेम दुसरीकडे लहान करून घेतली होती. आमची चिठ्ठी जुन्या पुठ्ठ्याबरोबर गेली. नवी फ्रेम लहान, म्हणून कागदाचा समास चारही बाजूंनी कापला गेला, थेट पत्र्याच्या दाबाच्या रेषेपर्यंत, म्हणजे मूळ छपाईत तांब्याच्या पत्र्याची कड कागदावर उमटते तिथपर्यंत. ‘प्रतिकृती’ हा शब्द त्या कापलेल्या पट्टीत होता.

यात कोणीही लबाडी केली नव्हती, आणि मला आजही तीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. फ्रेमवाल्याने सांगितलं ते काम केलं. जुन्या नकाशांचे समास कापलेले असतातच, त्यामुळे कापलेली कड पाहून कोणालाही वावगं वाटत नाही. दादांना विकत घेताना माहीत असणार. पण वीस वेळा ‘सोळाशे तीसचा’ म्हटल्यावर ‘सोळाशे तीसच्या नकाशाची प्रत’ हे लांबलचक वाक्य कोण म्हणत बसतं?

मी बाईंच्या हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं आणि म्हटलं, “मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा.”

सुरुवात किडीच्या भोकापासून केली. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. कागद खिडकीसमोर धरला. खऱ्या भोकातून उजेड येतो. इथे कागद सलग होता आणि त्यावर शाईचा गडद ठिपका होता. बाईंनी पुन्हा एकदा, यावेळी नखाने, त्या ठिपक्याची कड चाचपली. काही बोलल्या नाहीत.

मग मधली घडी. अॅटलसमधला नकाशा मधोमध दुमडून बांधलेला असतो. तिथले तंतू मोडतात, बोटाला ते कळतं. इथे घडीची सावली छापलेली होती आणि कागद सपाट. पत्र्याच्या दाबाचंही तसंच. तांब्याच्या कोरीव पत्र्यावर ओला कागद ठेवून तो जबर दाबाखालून काढतात. पत्र्याच्या कडेने कागद कायमचा दबतो, तिरप्या उजेडात ती पायरी दिसते. इथे पायरीचं नुसतं चित्र होतं.

नकाशा उलटा केला. जुन्या रंगवलेल्या नकाशात हिरवा रंग पुष्कळदा तांब्यापासून केलेला असतो, जंगाल. तो काळाच्या ओघात कागद खातो आणि पाठीवर तपकिरी होऊन उमटतो. जास्त झाला तर कागद तिथे ठिसूळ होऊन फुटतो. पुढच्या बाजूला हिरव्याभोवती ती तपकिरी झाक होती. पाठीवर काहीच नव्हतं, कोरी पाठ. आणि कापलेली कड भिंगाखाली धरली तर आतून कागद पांढरा. खरा जुना कागद आरपार मुरलेला असतो. इथे चारशे वर्षांचा पिवळेपणा फक्त वरच्या थरात, शाईचा.

शेवटी रेषा. कोरीव छपाईतली रेषा भिंगाखाली सलग काळी दिसते, शाई कागदावर किंचित उंच उभी असते, आणि हाताने दिलेला रंग तिच्यावरून पातळ पसरतो. इंकजेट छपाईत, म्हणजे आमच्या प्रतीत, काळी रेषासुद्धा बारीक विखुरलेल्या रंगीत ठिपक्यांची बनलेली असते, आणि तोच ठिपक्यांचा सडा कोऱ्या वाटणाऱ्या समुद्रावरही असतो. ऑफसेटवर छापलेल्या पोस्टरमध्ये ठिपके फुलासारख्या ठरावीक वर्तुळांत मांडलेले दिसतात. तेही एकदा पाहिलं की विसरत नाही. शिवाय आमच्या स्कॅनला त्या मूळ रेषा पुऱ्या झेपल्याच नव्हत्या. ३०० ठिपके प्रतिइंच म्हटलं तरी एक ठिपका ०.०८ मि.मी.चा, आणि सीझरच्या गालावरच्या छायेच्या रेषा त्याहून फार जाड नाहीत. जिथे कोरणाऱ्याने रेषेशेजारी रेष ओढली तिथे आमच्या प्रतीत राखाडी डाग होता.

दोन सोप्या चाचण्यांनी मात्र काहीच सिद्ध झालं नसतं, हे मी बाईंना मुद्दाम सांगितलं. एक, कागदाच्या रेषा. रेषाविरहित सपाट कागद युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यावर आला, म्हणून १६३०च्या कागदात जाळीच्या रेषा असायलाच हव्यात, असं लोक वाचून येतात आणि रेषा दिसल्या की खूष होतात. आमच्या यंत्रकागदात त्या रेषा मुद्दाम उमटवलेल्या होत्या. दुसरी, अतिनील दिवा. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुष्कळ कागदांत उजळपणासाठी रसायन घालतात, ते त्या दिव्याखाली निळसर चमकतं. आम्ही निवडून आणलेल्या सुती कागदात ते रसायन नव्हतं, त्यामुळे तो चमकला नसता. म्हणजे दर्जासाठी वापरलेल्या कागदानेच नकली ओळखायच्या दोन वाटा बंद केल्या होत्या.

बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी कसं कळलं?”

तेव्हा मी फाइल उघडून तो ठिपका पडद्यावर दाखवला आणि सांगितलं की ही प्रत आमची आहे.

“मग परवाच का नाही सांगितलंत?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली. गवंड्याची गोष्ट त्यांनी त्यानंतर सांगितली.

मी त्यांना कागदांची जपणूक करणाऱ्या एका दुसऱ्या तज्ज्ञाकडे जायला सांगितलं, माझं नाव न घेता. त्यांना त्याची गरज वाटत नव्हती, पण मी आग्रह धरला. घेणाऱ्या गृहस्थांना सांगताना हाताशी दुसऱ्याचा शब्द असावा म्हणून. तिथेही पाच मिनिटांत हेच निघालं. मी माझ्या बाजूने लेखी दिलं: ही आमच्या कार्यशाळेत छापलेली प्रतिकृती आहे, अमुक मालिका, अमुक साल, समास कापल्यामुळे खुलासा नाहीसा झाला आहे.

इथे एक निर्णय बाईंचा होता आणि तो त्यांनीच घेतला. मी म्हटलं, गृहस्थांशी मी बोलतो. त्या म्हणाल्या, “इसार मी घेतला, बोलणं माझं.”

काय निष्पन्न झालं

इसार परत गेला. गृहस्थ तुटक बोलले, फोनवर एकदा ‘तुम्हाला आधीच माहीत असणार’ असंही म्हणाले. तज्ज्ञाचं मत आणि आमचं पत्र पाहिल्यावर ते थांबले. व्यवहार अर्ध्यावर उघड झाला म्हणून एवढ्यावर भागलं. पूर्ण पैसे देऊन झाले असते, नकाशा आणखी एका हाताला विकला गेला असता, तर प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवत राहिला असता.

छपराचं काम बाईंना अर्ध्यावर थांबवून दोन टप्प्यांत करावं लागलं. माझ्या दोन दिवसांच्या गप्प बसण्याची ही थेट किंमत आहे. आम्ही भरपाई देऊ केली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फ्रेम फुकट करून घेतली.

नकाशा त्यांनी ठेवला. फक्त एक अट घातली. “पुढच्या बाजूला दिसेल असं लिहा. माझ्यानंतर भाचरांना हा ताप नको.” माउंटच्या, म्हणजे काचेआड नकाशाभोवती असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खालच्या कडेला हाताने ओळ लिहिली आणि कागदाच्या पाठीवर शिक्का मारला.

पुढच्या प्रतींचं काय ठरवलं

यावर कार्यशाळेत आठवडाभर बोलणं चाललं, आणि मतं जुळत नव्हती.

आधी प्रश्न स्पष्ट केला. आमचा खुलासा खोटा नव्हता, लपवलेलाही नव्हता. तो फक्त चुकीच्या जागी होता: समासावर, पुठ्ठ्यावर, पावतीवर. नकाशा जपला जातो, या तिन्ही गोष्टी फेकल्या जातात. मराठीत ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. अस्सलाप्रमाणे आहे, पण नक्कल आहे, हे दोन्ही एकाच शेऱ्यात, आणि शेरा त्याच कागदाच्या अंगावर. आम्हाला तशी जागा शोधायची होती.

एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की नकाशाच्या आतच, रिकाम्या समुद्रात, साल घालावं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. कोरणाऱ्याने जी जागा मोकळी सोडली ती त्याने विचार करून सोडली आहे. दक्षिणेचा तो कोरेपणा म्हणजे १६३० साली माणसाला काय माहीत नव्हतं त्याची नोंद आहे. तिथे आपली अक्षरं घालणं हीसुद्धा एक प्रकारची खाडाखोडच.

शेवटी तीन बदल केले. पहिला, ओळीची जागा. नक्षीदार चौकट संपते आणि पत्र्याच्या दाबाची रेष येते, त्यांच्यामध्ये काही मिलिमीटरची पट्टी असते. ‘प्रतिकृती’ आणि छपाईचं साल आता त्या पट्टीत आहे. ती कापायची तर नक्षीला खेटून कापावं लागतं, आणि तसं कापलेलं कोणाच्याही डोळ्यांत भरतं. दुसरा, पाठीवरचा शिक्का. तो कडेला नसून अगदी मध्यभागी, पिगमेंट शाईने, पुढे आरपार दिसणार नाही इतका फिकट, पण पुसता येणार नाही असा.

तिसरा बदल आकाराचा, आणि वाद याच्यावरच जास्त झाला. आता आम्ही मूळ आकारात छापत नाही, एक दशांशाने मोठं छापतो, सुमारे ४२ × ५९ सें.मी. अमेरिकेत नोटांच्या चित्रांना असाच नियम आहे: मूळ आकाराच्या पाऊणपटीहून लहान किंवा दीडपटीहून मोठं चित्रच छापता येतं. शाई फिकी पडेल, कागद कापला जाईल, पण गोलार्धाचा व्यास कोणाला बदलता येत नाही. साधी मोजपट्टी लावली आणि कुठल्याही ग्रंथसंग्रहाच्या यादीतलं माप पाहिलं की उलगडा होतो. काही नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे आवडलं नाही. ‘अगदी खऱ्यासारखा’ हवा म्हणून दोघे-तिघे दुसरीकडे गेले. मोठ्या आकारात सीझरचा चेहरा जास्त नीट पाहता येतो, असं म्हणणारेही भेटले.

किडीचं भोक फाइलमधून पुसावं का, यावरही बोलणं झालं. ठेवलं. ते नसतं तर ही प्रत आमची आहे हे मला ओळखता आलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

बाईंच्या बाबतीत एकच: पहिल्याच दिवशी शंका शंका म्हणून सांगायची. आता कोणी जुना नकाशा फ्रेमला घेऊन आलं आणि विकण्याचं नाव काढलं, तर काउंटरवरच विचारतो, “हा अस्सल आहे असं कोणी तपासून सांगितलंय का?” उत्तर काहीही असो, प्रश्न त्यांच्या कानावर पडलेला असतो.

स्वतः आम्हीही फ्रेम बदलताना दुसऱ्यांचे पुठ्ठे आजवर टाकून देत होतो. किती चिठ्ठ्या आमच्या हातून गेल्या असतील! आता जुन्या पुठ्ठ्यावरचा मजकूर कापून पारदर्शक पाकिटात घालून नव्या पुठ्ठ्याला लावतो, मग तो कुठल्याही दुकानाचा असो. समास कापायची वेळ आली तर कापत नाही; मोठी फ्रेम सुचवतो, नाहीतर काम घेत नाही.

त्या मालिकेच्या चाळीस प्रतींचा माग अजून चालू आहे. वहीत ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना पत्रं लिहिली: नकाशा घेऊन या, पाठीवर शिक्का मारून देतो, पैसे नाहीत. काही जण आले. काहींनी फोटो पाठवून समास शाबूत असल्याचं कळवलं. एका घरी प्रत मुलाकडे परगावी गेली होती, तिथून पार्सलने आली. काही पत्रं पत्ता बदलला म्हणून परत आली. वहीत त्या प्रतींच्या क्रमांकांपुढची जागा अजून कोरी आहे.